फ्रिजमधला नरकासुर

आमच्या घरात माणसं चार आणि मी कारिटं आणतो पाच.

धनत्रयोदशीच्या आसपास स्टेशनबाहेर लक्ष्मीपूजनाच्या केरसुण्या, लाह्या-बत्तासे आणि बोळकी मांडलेली असतात. त्यांच्याच कडेला, गोणपाटावर, कारिटांचे वाटे. लिंबाहून थोडं लांबट, हिरवट-पिवळं, अंगावर फिकट पट्टे. काकडीच्या कुळातलं, पण कुळाचं नाव घालवणारं. गेल्या वर्षी पाचाचे तीस रुपये दिले. बाबांना सांगायला नको होतं.

"तीस रुपये? कारिटाक? गावाक तेका गुरांय खानत नाय!"

गाव म्हणजे कुडाळजवळ. तिथे भात कापून झालं की बांधांवर, कुंपणांवर हे आपोआप पिकलेलं असतं. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी पोरांनी वेलच ओढून आणायचा. थोडा वेल न्हाणीतल्या हंड्याच्या गळ्यात, बाकीची कारिटं तुळशीपुढे. पहाटे तेल-उटणं लावून, कुडकुडत आंघोळ झाली की ओल्या अंगाने तुळशीशी उभं राहायचं, डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट धरायचं आणि "गोविंदा, गोविंदा" म्हणत चिरडायचं. झाला नरकासुराचा वध. मग त्याचा रस कपाळाला आणि एक थेंब जिभेला. तो कडूपणा शब्दांत सांगता येत नाही. मी तोंड वाकडं केलं की बाबा म्हणायचे, "कडू लागता? लागाकच व्हया."

शेणाने सारवलेल्या जमिनीवर हे सगळं ठीक होतं, कारण तिथे कारीट जागेवर बसतं. सोसायटीतल्या चौथ्या मजल्यावर व्हिट्रिफाईड टाइल्स आहेत. एका वर्षी मी पूर्ण भक्तिभावाने अंगठा दाबला आणि नरकासुर सटकला तो उघड्या दारातून थेट समोरच्या घराच्या उंबऱ्याशी. समोर तमिळ कुटुंब राहतं. आजी दारातच रांगोळीपाशी बसल्या होत्या. त्यांनी कारिटाकडे पाहिलं, मग कमरेला पंचा गुंडाळलेल्या माझ्याकडे, आणि शांतपणे विचारलं, "गंगास्नानम् आच्चा?" त्यांच्याकडे त्या पहाटेची विचारपूस अशीच करतात: गंगास्नान झालं का? वर त्यांनी चमचाभर लेहियम हातावर ठेवलं. सुंठ-मिऱ्याचं काळपट, तिखट चाटण, सकाळच्या तळणावरचा आगाऊ उतारा. म्हणजे इकडे कडू, तिकडे तिखट. लाडू-चकलीआधी जिभेला जरा धाक दाखवायची रीत दोन्हीकडे आहे. तेव्हापासून एक कारीट जादा आणतो.

आजींची गोष्ट मात्र आमच्या गोष्टीहून भारी निघाली. आमच्याकडे कृष्ण नरकासुराला मारतो, 16,100 कन्या सोडवतो आणि विषय संपतो. नरक हा पृथ्वीचा मुलगा, एवढं ऐकलेलं असतं, पण पहाटे साडेचारला कोण नातीगोती लावत बसतो? आजी म्हणाल्या, त्याला वर होता की मरण आलं तर आईच्या हातूनच येईल. कृष्णाबरोबर गरुडावर बसून गेलेली सत्यभामा ही भूदेवीचाच अवतार. बाण तिनेच सोडला. आणि मरताना त्यानेच मागितलं की माझ्या मरणाच्या दिवशी लोकांनी दिवे लावावेत, न्हावं, गोड खावं.

भागवतात आई मारत नाही, पण तिथेही ती येते. मुलगा पडल्यावर पृथ्वी पुढे होते, त्याने पळवलेली देवमाता अदितीची कुंडलं परत देते आणि भेदरलेल्या नातवाला, भगदत्ताला, कृष्णाच्या पायांवर घालते. हा घाबरलाय, याला सांभाळ. पुढे भारतीय युद्धात हत्तीवर बसून कौरवांकडून लढला तोच हा भगदत्त.

त्याचं घराणं म्हणजे आसामचं. नरकाचं प्राग्ज्योतिषपूर गुवाहाटीच्या परिसरात मानतात. 7व्या शतकातला तिथला राजा भास्करवर्मा, हर्षवर्धनाचा मित्र आणि ह्युएन त्संगाचा यजमान, आपल्या ताम्रपटांत कुळाची सुरुवात अभिमानाने नरकापासून सांगतो. आपण ज्याला दरवर्षी अंगठ्याखाली घेतो, तो कुणाचा तरी मूळपुरुष आहे. हे वाचल्यापासून माझा अंगठा जरा बिचकतो.

गोव्यात तर मामला उलटाच. तिथे आठवडेच्या आठवडे कागद, गवत, बांबू लावून चौकाचौकात नरकासुर उभे करतात. सुळे, नखं, बटबटीत डोळे, आणि मोठमोठ्या स्पर्धा. एकदा चतुर्दशीच्या आदल्या रात्री मामेभावाबरोबर म्हापशात फिरलो होतो. स्पीकरच्या दणक्याने छाती हादरत होती. पहाटे जाळायची वेळ झाली तेव्हा शोधाशोध सुरू झाली ती कृष्णाची. शेवटी एका काकूंनी झोपलेल्या पोराला खांद्यावरून उतरवलं, मोरपीस सरळ केलं आणि हातात चक्र दिलं. दोन मजली नरकासुर आणि समोर जांभया देणारा कृष्ण! मेहनत कुणावर घेतली होती ते दिसतच होतं.

जाळून घरी आलं की पोहे. चुलीवरचे, दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले गुळाचे, शिवाय काळ्या वाटाण्याची उसळ. नुकत्याच घरात आलेल्या नव्या भाताचे पोहे हीच खरी तिथली दिवाळी, असं माझं मत. ज्या जमिनीचा मुलगा पहाटे मारला, तिचंच पीक सकाळी पानात. पण हे मी पोहे खाताना कुणाला बोलून दाखवलेलं नाही.

तर, पाचवं कारीट. ते उरतं आणि मग प्रश्न पडतो. खाता येत नाही. कचऱ्यात टाकायला हात होत नाही, कारण पूजेचं आहे. पूजेचं म्हणावं तर राक्षस आहे. तोडगा म्हणून बायको ते फ्रिजच्या भाजीच्या खणात ठेवते, काकड्यांशेजारी. पाडव्याला आई दिवा घेऊन ओवाळायला निघते. "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो." बळीही असुरच की! पण त्याला पाताळात ढकलल्याची हळहळ शेतकऱ्याच्या घरात अजून ओली आहे. महात्मा फुल्यांनी तर त्याला आपला राजाच म्हटलं. दोन दिवसांत एकाला अंगठा आणि दुसऱ्याला आरती.

यंदा ओवाळताना दुधासाठी फ्रिज उघडा राहिला होता. आईने तबक तसंच फिरवत आणलं, खणात डोकावली, आणि क्षणभर थांबून म्हणाली, "ह्या कोणी ठेवलां? काकडी म्हणान कोशिंबिरीत घालशात."