मेणबत्तीने मान टाकली

काल दुपारी पाणी प्यायला उठले, तर हॉलमधल्या कपाटावर एक मेणबत्ती मान टाकून उभी होती. खालचा अर्धा भाग अगदी सरळ, शिस्तीत. वरचा मात्र असा पुढे कललेला, की बाईंचं काहीतरी खाली पडलंय आणि चष्मा न लावताच त्या ते शोधतायत. तीन जणींचा संच आहे हा. लांब, सडसडीत, पिळाच्या, फिकट अबोली रंगाच्या, तीन वेगवेगळ्या उंचीच्या पितळी स्टँडांत. उरलेल्या दोघी ताठ होत्या, कारण त्या सावलीत होत्या. पश्चिमेचं ऊन या दिवसांत खिडकीतून थेट कपाटाच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत पोचतं, ही बातमी मला अशी मिळाली.

आठ वर्षं झाली त्यांना घरात येऊन. एकदाही पेटलेल्या नाहीत. वाती अजून पांढऱ्याशुभ्र. दर महिन्याला मी त्यांच्या पिळांतली धूळ ओल्या फडक्याने पुसते, तेवढाच आमचा संबंध. पॅराफिनचं मेण वितळायला ५०-६० अंश तरी लागतात, पण मऊ पडून वाकायला तेवढी आच लागत नाही, काचेतून आलेलं ऊन पुरतं. म्हणजे जळून संपायचं जिच्या नशिबात, ती न जळताच म्हातारी झाली. मला का कोण जाणे, वाईटच वाटलं. मग हसू आलं. मग पाणी प्यायले.

घरात मेणबत्त्या दोन प्रकारच्या असतात. एक पेटवायची. ती स्वयंपाकघरातल्या तिसऱ्या ड्रॉवरमध्ये, रबरबँड, संपलेले सेल आणि कुठल्या कुलपाच्या ते कुणालाच आठवत नाही अशा किल्ल्यांच्या सोबतीने आडवी पडलेली असते. मळकट पांढरी, मधोमध मोडलेली, दोन तुकडे नुसत्या वातीच्या भरवशावर एकमेकांना धरून. दुसरी ठेवायची. तिला स्टँड असतो, स्टँडखाली काचेची ताटली असते, ताटलीत गुळगुळीत गोटे असतात. लाईट गेली की आपण कपाटावरच्या तीन सुंदर मेणबत्त्यांना वळसा घालून, सोफ्याच्या पायाला करंगळी आपटून घेत, त्या तिसऱ्या ड्रॉवरकडे धावतो.

या घरात पहिल्यांदा लाईट गेली तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. म्हणाली, “आई, ह्या पेटव ना.”

“अगं, त्या शोभेच्या आहेत.”

“म्हणजे?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

माझ्या लहानपणी शोभेची मेणबत्ती नव्हती. मेणबत्ती म्हणजे मेणबत्ती. लाईट गेली की दादा काडेपेटी शोधायचा आणि माझ्याकडे वाटी. स्टीलची वाटी उपडी घालायची, पेटलेली मेणबत्ती तिरकी धरून तिच्या बुडावर चार थेंब पाडायचे आणि ते गोठायच्या आत मेणबत्ती त्यावर दाबून धरायची. दहा आकडे मोजेपर्यंत हात सोडायचा नाही. मी सातला सोडायचे. मग ती हळूहळू कलायची, आजी म्हणायची, “अगं धर, धर,” आणि पुन्हा पहिल्यापासून.

एकदा उभी राहिली की आम्ही सगळे तिच्याभोवती. आवडीने नव्हे, दुसरीकडे दिसायचंच नाही म्हणून. भिंतीवर दादाचा कुत्रा भुंकायचा. मला फक्त ससा यायचा आणि त्याचाही एक कान दुमडलेला. आईच्या नाकाची सावली कोपऱ्यापर्यंत जायची, त्यावर हसायची आम्हाला बंदी होती. मेणाच्या ओघळात बोट बुडवलं की आधी चटका, मग ऊब, मग बोटावर घट्ट बसलेली टोपी. ती अलगद काढली तर आतल्या बाजूला बोटाचा ठसा जसाच्या तसा. दहा बोटांच्या दहा टोप्या मी ओळीने मांडून ठेवायचे. दादा त्या पुन्हा वितळवायचा. भांडण.

एकदा त्याने ज्योतीत चमचा धरला. ज्योतीला नीट झोंबेल असा, पिवळ्या भागाच्या मधोमध. चमचा बघता बघता काळा. आई म्हणाली, “आता हा कोण घासणार आहे, तुझा बाप?” बाबा शेजारीच बसले होते. त्यांनी अंधारात, वाचता येत नसलेल्या वर्तमानपत्राचं पान उलटलं.

आजीला आतल्या खोलीत काही हवं असलं की ती मेणबत्तीचा दुसरा तुकडा घेऊन उठायची, वाऱ्याच्या बाजूने हाताचा आडोसा धरून. तिची बोटं आतून पेटल्यासारखी लाल दिसायची, कडेकडेने पारदर्शक. सावळाराम हळदणकरांचं ते हाताआड दिवा धरलेल्या बाईचं चित्र मी फार पुढे पाहिलं. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि कित्येक लोक ते छातीठोकपणे राजा रविवर्म्याचं म्हणून सांगतात, हा माझा एक जुना राग आहे. जलरंगात ती बोटं तशी उजळायची म्हणजे खायचं काम नाही. पण माझी पहिली प्रतिक्रिया चित्रकलेबद्दल नव्हतीच. मला वाटलं, ही आजीसारखी चालतेय, आता उंबऱ्याला अडखळेल.

आणि मग “आली!” हा शब्द आख्ख्या आळीच्या तोंडून एकदम निघायचा. ट्यूब दोनदा फडफडून लागायची आणि क्षणभर आम्ही सगळे एकमेकांकडे जरा ओशाळून बघायचो. इतकं जवळ जवळ बसलो होतो होय आपण? मग जो तो उठून आपापल्या कोपऱ्यात.

फुंकर कुणी मारायची, यावर दुसरं भांडण. पण दादाची खरी करामत फुंकरीनंतरची. विझलेल्या वातीतून पांढरी धुराची रेघ वर जायची, तिच्यात तो बोटभर उंचावर पेटती काडी धरायचा आणि ज्योत त्या धुरावरून टुण्‌कन खाली उडी मारून वातीवर बसायची. वातीला काडी न लावता मेणबत्ती पेटायची! मला कितीतरी वर्षं वाटत होतं की हे फक्त दादालाच येतं. पुढे कळलं की मायकेल फॅरडे या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८६०-६१च्या हिवाळ्यात, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर नुसत्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली आणि त्यांतल्या पहिल्याच व्याख्यानात हे करून दाखवलं. ती रेघ म्हणजे साधा धूर नव्हे, मेणाची वाफ असते, आणि जळतं ते मेण वाफ होऊनच. आमच्या चमच्याचं कोडंही त्याने सोडवलेलं आहे. ज्योतीचा पिवळा उजेड म्हणजे तिच्यातले काजळीचे तापून लखलखणारे कण. चमचा धरला की तेच कण त्याच्यावर बसतात. फॅरडेला चमचा कोण घासणार, असं बहुधा कुणी विचारलं नसावं.

आता आमच्या घरातल्या उजेडाचं खातं नवऱ्याकडे आहे. फॉल्स सीलिंगच्या कडेने दडवलेली पट्टी, तसबिरीवर स्पॉटलाईट, कोपऱ्यात तीन पायांचा, मला नेहमी कुणीतरी उभं असल्याचा भास करून देणारा लँप. पट्टीला रिमोट आहे आणि रिमोटवर सोळा रंग. पहिल्या आठवड्यात त्याने सगळे लावून बघितले. जांभळ्यात सोफ्यावरचा माणूस विषबाधा झाल्यासारखा दिसतो. हिरव्यात मी आरशासमोरून गेले आणि परत फिरले. शेवटी आम्ही पिवळट पांढऱ्यावर आलो आणि रिमोट हरवला. तेव्हापासून सुखात आहोत.

बल्बच्या खोक्यावर लिहिलेल्या आकड्यांशी माझं मात्र वाकडं आहे. पांढरा फटक, दवाखान्यातल्यासारखा उजेड ६५०० केल्विन. उबदार पिवळसर उजेड २७०० केल्विन. आणि केल्विन हे तापमानाचं माप. म्हणजे आकडा चढला की उजेड गारठतो! दुकानात उभं राहून मी दर वेळी उलटं घेते आणि दर वेळी बदलायला जाते. मेणबत्ती तर त्याहून खाली, १९०० केल्विनच्या आसपास. शिवाय ते लुमेन, उजेड किती पडतो त्याचं माप. साध्या ९ वॅटच्या एलईडी बल्बवर ८०० च्या वर लुमेन छापलेले असतात. मेणबत्तीचे जेमतेम बारा. त्या बारा लुमेनमध्ये आम्ही पाच माणसं मावत होतो, सशासकट. आज एका खोलीत अशा साठ-सत्तर मेणबत्त्यांइतका एक बल्ब असतो, असे चार बल्ब असतात, आणि तरी नवरा म्हणतो, “या कोपऱ्यात जरा अंधार वाटतोय, नाही?”

आणि हा सगळा हिशेब मेणबत्तीपासूनच सुरू झालेला. १८६० साली इंग्लंडमध्ये गॅसच्या दिव्यांचा उजेड मोजायला कायद्यानेच एक मेणबत्ती ठरवून दिली होती. व्हेलच्या डोक्यातल्या मेणाची, ठरलेल्या वजनाची, तासाला ठरलेलंच मेण जाळणारी. आजच्या कँडेला या मापाच्या व्याख्येत मेणबत्तीचा मागमूस नाही, नावात तेवढी उरली आहे.

मुलीच्या खोलीत फेअरी लाईट्स आहेत. केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेवर, काचेच्या बाटलीत कोंबलेल्या. दिसतात मात्र सुरेख. त्यातला प्रत्येक पिवळा ठिपका मुळात निळा एलईडी असतो, वरून लावलेल्या लेपामुळे पिवळसर होतो. आणि तो निळा साधायला माणसांना इतका वेळ लागला, की २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यालाच मिळालं. हे मी तिला कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, “आई, सेल संपलेत.” आमच्या वेळच्या बल्बच्या माळांत निदान नाट्य होतं. एक बल्ब गेला की सगळी माळ गप्प. मग गुन्हेगार सापडेपर्यंत एकेक बल्ब काढून तपासत बसायचं.

तिच्याकडे प्लॅस्टिकची मेणबत्तीही आहे. ज्योत हलते, ओघळसुद्धा ओतून घडवलेले. घरी येणारा प्रत्येक जण एकदा तरी तिला फुंकर मारतो आणि ती ढिम्म हलत राहते. तिचा मला राग येत नाही. राग येतो काचेच्या बरणीतल्या सुवासिक मेणबत्तीचा, खरं तर माझाच. पहिल्यांदा पेटवली की वरचं सगळं मेण कडेपर्यंत वितळू द्यायचं असतं, दोन-तीन तास. मी पंधरा मिनिटांत विझवते. पुरवून पुरवून वापरायची ना! मग मधोमध भुयार पडतं, वात त्यात बुडून गुदमरते आणि कडेचं निम्मं मेण तसंच वाया जातं. पुढे ती बरणी पेनं ठेवायला कामी येते. (मेण निघत नसेल तर बरणी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावी. मेण आक्रसतं आणि टिचकीसरशी सुटतं. माझं एवढंच एक कौशल्य.)

तर वाकलेली मेणबत्ती.

वाकण्याचा मान खरं तर वातीचा. पूर्वीची वात नुसती पिळलेली असायची. मेण जळायचं आणि ती काळी होऊन वरच्या वर वाढत बसायची, सारखी कातरावी लागायची, त्यासाठी खास कात्र्या असत. मग १८२५च्या सुमारास फ्रान्समध्ये वेणीसारखी गुंफलेली वात आली. ती जळता जळता एका बाजूला वाकते, टोक ज्योतीच्या बाहेर येतं आणि आपोआप राख होतं. एवढ्याशा वाकण्याने घरोघरची ती कातरकूट संपली. कुणाच्या लक्षातही येत नाही. मीही हे वाचल्यावरच मेणबत्तीकडे नीट पाहिलं, तीही ड्रॉवरमधल्याच.

संध्याकाळी नवरा आला. त्याने मेणबत्तीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“पेटवून टाक की.”

इतकं सोपं. मला एकदम पटलंच. म्हटलं, आजच, आत्ताच, तिन्ही. दिवे घालवले, त्यालाही बसवलं, मुलीला हाक मारली. आणि काडेपेटी नाही. घरभर शोधली. गॅसचा लायटर आहे, पण त्याच्या ठिणगीने वात पेटत नाही, हे आम्ही तिघांनी अंधारात आळीपाळीने, वीसेक वेळा खटखट करून नक्की केलं. मुलगी हसायला लागली. मग तोही. मोबाईलच्या उजेडात मी भिंतीवर ससा करून दाखवला. एक कान अजूनही दुमडलेलाच येतो.

मग मोबाईल वाजला, आणि जो तो उठून आपापल्या खोलीत गेला.

रात्री झोपण्याआधी मी तो स्टँड अर्धा फिरवून ठेवला. म्हटलं, एका बाजूने ऊन लागून वाकली, तर दुसऱ्या बाजूने लागून सरळही होईल. काडेपेटी यादीत लिहिली आहे.

आज सकाळपासून ढग आहेत.