मल्लखांबाला बांधलेली खुर्ची

शाळेच्या सुवर्ण महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहून द्या असा ग्रुपवर मेसेज आला आणि माझ्या डोळ्यासमोर वर्ग आलाच नाही, गॅदरिंग नाही की गणिताच्या बाई नाहीत, एकदम मैदान आलं आणि मैदानाच्या कडेला मल्लखांबाला दोरीनं आवळून बांधलेली एक लाकडी खुर्ची. मी 1989 च्या दहावीची. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला, डाव्या पायातली ताकद गेली, मग कॅलिपर आला, म्हणजे पायाला बांधायचा धातूचा आधार. व्हरांड्यातून त्याचा खटखट आवाज आला की वर्गातल्यांना न बघताच कळायचं मी येतेय ते.

आणि मला खेळातून सूट होती. पाचवीत नाव घातलं तेव्हाच वडिलांनी अर्ज दिला आणि शाळेनं तो लगेच मंजूर केला. घरच्यांना वाटायचं पोरीचे हाल नकोत, त्यांचं चुकलं असं मी अजिबात म्हणत नाही, त्या काळी सगळेच तसं करायचे. पण ती सूट आतून कशी असते ते सांगते. मुली लंगडी खेळायच्या. म्हणजे दोन्ही पाय धड असलेल्या तीस मुली एक पाय दुमडून पळायच्या आणि जिचं सगळं आयुष्यच एका पायाच्या जोरावर चाललेलं ती मी झाडाखाली त्यांची दप्तरं राखत बसायचे. तीन वर्षं बसले. त्याच खेळाचं नाव मला चिडवायला वापरायचे हेही तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, असो, लहान होतो सगळे.

आठवीत पीटीला नवीन सर आले, मिलिटरीतून रिटायर झालेले. पहिल्याच तासाला माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "का बसलीयास गं?" मी म्हटलं, "सर, मला सूट आहे." तर म्हणाले, "पायाला सूट असंल. हाताला काय झालंय तुझ्या?" मला उत्तरच सुचलं नाही, कारण हा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता.

मग त्यांनी मला मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगितली. आपल्याच सांगली जिल्ह्यातला, पेठ इस्लामपूरचा माणूस, आणि शाळेत एकाही पोराला त्यांचं नाव माहीत नव्हतं! लहानपणी कुस्ती, मग लष्करात ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं-वाहनं दुरुस्त करणाऱ्या विभागात, तिथे बॉक्सिंग. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक गोळी तर पाठीच्या कण्यातच राहिली. मुंबईत नौदलाच्या अश्विनी हॉस्पिटलमध्ये असताना उपचार म्हणून पाण्यात उतरायला सांगितलं आणि तिथून ते पोहायला लागले. सरांना एवढं नक्की माहीत होतं की या माणसानं जर्मनीत जाऊन गोल्ड आणलंय. बाकीचं मी पुढे कित्येक वर्षांनी वाचून काढलं, जिथे मिळेल तिथून.

1968 ला तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे अपंग खेळाडूंच्या ऑलिम्पिकमध्ये, भारत पहिल्यांदा उतरला तेव्हा पेटकर टेबल टेनिस खेळले. 1972 चं पॅरालिम्पिक हायडेलबर्गला झालं. खरं तर त्या वर्षीचं ऑलिम्पिक म्युनिकला होतं, पण तिथल्या खेळाडूंच्या गावाचे फ्लॅट करून विकायचे ठरले होते म्हणून पॅरालिम्पिकची सोय दुसऱ्या शहरात केली, हे वाचलं तेव्हा मला माझी झाडाखालची जागा आठवली. तर तिथे 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये पेटकरांनी 37.33 सेकंदात वर्ल्ड रेकॉर्ड करून गोल्ड जिंकलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं गोल्ड! ऑलिम्पिकमधलं भारताचं पहिलं वैयक्तिक गोल्ड अभिनव बिंद्राचं, 2008 चं, म्हणजे पेटकरांचं त्याच्या 36 वर्षं आधी. आणि तिथे ते नुसते पोहले नाहीत, भालाफेक केली, नेम धरून भाला मारायचा वेगळा प्रकार असतो तो केला, स्लॅलमही केलं, म्हणजे व्हीलचेअर अडथळ्यांमधून वळवत न्यायची ती शर्यत.

मला त्या गोल्डपेक्षाही ही यादी जास्त भावते. कुस्ती, बॉक्सिंग, टेबल टेनिस, पोहणं, भाला, स्लॅलम. धडधाकट पोरगं कसं आज कबड्डी उद्या खो-खो करत आपल्याला काय जमतं ते शोधत फिरतं, जमलं नाही तर सोडून देतं, तसंच. आमच्यासारख्यांना ही शोधायची मुभाच मिळत नाही हो, एकदा "हिला जमणार नाही" असं ठरलं की सगळ्याच खेळांचं एकदम ठरतं.

सरांनी मला गोळाफेक शिकवली. उभं राहून जोर लावला की तोल जायचा, म्हणून बसून. पण खुर्चीत बसून जोर लावला तर खुर्चीच मागे कलंडायची, एकदा पडलेही मी, कोपर फुटलं. तेव्हा सरांनी ती मल्लखांबाला बांधली, पुरलेला खांब तो, हलतोय कशाला. आज पॅरालिम्पिकमध्ये एफ 51 ते एफ 57 या गटांचे खेळाडू बसूनच फेकतात, त्यांची फ्रेम अशीच जमिनीला पट्ट्यांनी आवळलेली असते. टीव्हीवर ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी घरात ओरडलेच, अरे हे तर आमच्या सरांचं!

नववीत सरांनी माझं नाव तालुक्याच्या स्पर्धेला पाठवलं. तिथल्या टेबलावरच्या माणसानं नियमात बसत नाही म्हणून सांगितलं, सरांनी अर्धा तास हुज्जत घातली, शेवटी बाकीच्या मुलींचं झाल्यावर मला तीन वेळा फेकू दिलं पण मोजलं नाही. टेप तिथेच पडलेली होती. फेकू दिलं आणि मोजलं नाही याचा राग मला अजून येतो, पन्नाशी उलटली तरी येतो.

पेटकरांनी 1982 साली अर्जुन पुरस्कार मागितला तर नकार मिळाला. 2018 ला पद्मश्री मिळाली आणि अर्जुन मिळाला जानेवारी 2025 मध्ये, हायडेलबर्गनंतर 52 वर्षांनी. तोवर त्यांनी ऐंशी गाठली होती. लोक म्हणतात मिळाला ना शेवटी. मिळाला, आनंदच आहे, मी त्या दिवशी रडले. पण मधल्या वर्षांत किती पोरांना हे नावच कळलं नाही त्याचं काय?

मी आता काय करते ते थोडक्यात. अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांबरोबर शाळांमध्ये जाते, सर्टिफिकेट, यूडीआयडी म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र वगैरे कामं असतातच, पण माझा हट्ट असतो तो पीटीच्या तासाचा. अपंगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात कलम 16 मध्ये सरळ लिहिलंय की शाळेनं या मुलांना इतरांच्या बरोबरीनं खेळायची संधी द्यायची. बऱ्याच ठिकाणी रॅम्प दाखवतात मला, छान आहे म्हणते, मग विचारते मैदानावर कुठून जायचं? तिथे पायऱ्या असतात. आणि शिक्षक मनानं वाईट नसतात, त्यांना खरंच वाटतं की सूट देऊन आपण पोराचं भलं करतोय. त्यांच्याशी भांडून उपयोग नाही, एक तास मुलाला खेळवून दाखवावं लागतं.

पॅरिसला 2024 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या, आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीनं गोळाफेकीत सिल्व्हर आणलं, हाताचं अपंगत्व असलेल्यांच्या एफ 46 गटात 16.32 मीटर. गोळाफेकीत! मी तो आकडा लिहून ठेवलाय. सेंटीमीटरपर्यंत मोजलेला आहे तो.

सर आता नाहीत. लेख द्यायला गेले तेव्हा मैदानावर जाऊन आले, नवी बिल्डिंग झाली तरी मल्लखांब जागेवर आहे, तेल लावलेला, म्हणजे मुलं अजून चढतात. महोत्सवाच्या क्रीडा दिनाला बसून गोळाफेक ठेवा एवढीच माझी मुख्याध्यापिका मॅडमना विनंती आहे, शाळेतल्या ज्या मुलांना सूट आहे त्या सगळ्यांची नावं त्यात घाला, आणि प्रत्येकाची फेक मोजा. खुर्ची शाळेत मिळेल. दोरी आणि टेप मी घेऊन येते.