कांचन: ताण दिल्यानंतरचा बहर

यंदा कांचन अंगभर फुलला. मागच्या हंगामात फक्त शेंड्याकडे तुरळक फुलं होती. या वेळी पानं बरीचशी गळाली आणि उघड्या फांद्यांवर कळ्यांचे झुबके धरले. झाड बियांपासून वाढवलेलं आहे, त्यामुळे हा बहर फार सुखाचा वाटतोय.

आधी जात सांगतो, कारण कांचन म्हणून रोप घेताना इथेच गोंधळ होतो. माझं झाड बौहिनिया व्हेरिएगाटा. फूल हातात आलं की पुंकेसर मोजावेत. व्हेरिएगाटाला पाच असतात, तर पर्पुरियाला, म्हणजे देवकांचनाला, बहुधा तीनच. देवकांचनाच्या पाकळ्या अरुंद असतात, एकमेकींपासून सुट्या राहतात, आणि तो हिवाळ्याच्या तोंडाशी पानांसकट फुलतो. व्हेरिएगाटाच्या पाकळ्या रुंद, एकमेकींवर चढलेल्या. तो हिवाळा सरताना फुलतो. या दोघांचा संकर म्हणजे हाँगकाँगचा ब्लेकियाना. त्याला बी धरत नाही, म्हणून तो गुटी (झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून) किंवा कलमानेच वाढवावा लागतो. १९६५ पासून त्याचं फूल हाँगकाँगचं प्रतीक आहे. कोणी त्याच्या बिया देऊ केल्या तर त्या दुसऱ्याच कांचनाच्या असणार.

आता ताणाबद्दल, म्हणजे बहरासाठी झाडाचं पाणी तोडण्याबद्दल. पावसाळाभर झाडाला भरपूर पाणी मिळालं आणि त्याने लांब, जोमदार फांद्या काढल्या. थंडी सुरू झाल्यावर पाणी हळूहळू कमी करत नेलं. शेवटी माती बोटभर खोल कोरडी लागली तरी दिलं नाही. खत तर पावसाळा संपता संपताच बंद केलं होतं. पानं पिवळी पडून गळू लागली तेव्हा हात शिवशिवत होता, पण थांबलो. कांचनाची थोडी उपासमार केलेलीच बरी, असं माझं ठाम मत आहे. हिवाळ्यातही ओल आणि नत्र (नायट्रोजन) मिळत राहिलं तर तो पानं धरून बसतो आणि फुलं कमी देतो. कळ्या मोहरीएवढ्या दिसल्या तेव्हा पहिलं पाणी दिलं, तेही एकदाच, खोलवर मुरेल असं.

एक गोष्ट बरेच जण गृहीत धरतात. कांचन शेंगावर्गीय कुळातला आहे, म्हणून हवेतलं नत्र तो स्वतःच बांधत असेल, असा समज असतो. पण त्याच्या मुळांवर नत्र बांधणाऱ्या जिवाणूंच्या गाठी येत नाहीत. वाढीच्या काळात कुजलेलं शेणखत द्यावंच लागतं. मी पावसाळ्याच्या सुरुवातीला देतो, बुंध्याला न लावता, फांद्यांच्या घेराखाली पसरून.

पानांचा रंग हा दुसरा मुद्दा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असं दिसलं तर बहुतेक लोहाची कमतरता असते. चुनखडीच्या जमिनीत लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. अशा मातीत साध्या हिराकशीपेक्षा (फेरस सल्फेटपेक्षा) ईडीडीएचए प्रकारातलं चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात बांधून ठेवलेलं लोह, टिकतं. माझ्याकडे ते दिल्यावर नवी पालवी हिरवी निघाली. आधीची पानं मात्र पूर्ण सुधारली नाहीत.

छाटणी बहर ओसरताच करायची. पुढच्या वर्षीची फुलं या वर्षी वाढलेल्या फांद्यांवर येतात, त्यामुळे हिवाळ्याआधी कात्री लावली तर कळ्याच कापल्या जातात. मी आतल्या बाजूला वळलेल्या फांद्या आणि बुंध्यातून फुटलेले धुमारे काढले, शेंडे मात्र राखले. कांचनाला मोकळं सोडलं तर तो बुडापासून अनेक खोडांचा होतो. एक खोड हवं असेल तर रोप लहान असतानाच ठरवावं.

थंडीचं म्हणाल तर मोठं झाड शून्याखाली चार-पाच अंशांपर्यंतचा गारठा थोडा वेळ सोसतं, फार तर कोवळे शेंडे जळतात. रोपाला मात्र पहिले दोन हिवाळे झाकण आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचं जाड आच्छादन लागतं. पाणी साचणारी जागा कोणत्याच वयात चालत नाही.

आता खालच्या फांद्यांवर चपट्या हिरव्या शेंगा लोंबू लागल्यात. मी थोड्याच ठेवल्या आहेत, बाकीच्या काढल्या, म्हणजे झाडाची ताकद नव्या फुटीकडे जाईल. शेंगा तपकिरी होऊ लागल्या की त्यांवर मलमलची पिशवी बांधणार, कारण वाळल्यावर त्या पीळ घेत तडकतात आणि बिया लांब उडतात. ताज्या बीला टोचणं, गरम पाणी असलं काही लागत नाही. रात्रभर भिजवून निचऱ्याच्या मिश्रणात बोटाच्या पेराएवढी खोल लावली की पुरे. यातली निम्मी रोपं सरळ जमिनीत आणि निम्मी खोल पिशव्यांत लावणार आहे. कांचनाचं सोटमूळ लवकर खोल जातं आणि मोठं झाल्यावर हलवलेलं त्याला सोसत नाही, त्यामुळे कोणत्या रोपांना आधी बहर येतो ते पाहायचं आहे.