फिरत्या भिंतीसोबत: इलिनॉयमधला एक एस्कॉर्ट, आणि जाणाऱ्यांसाठी माहिती

वॉशिंग्टनला गेलेल्या बहुतेक मराठी मंडळींचा लिंकनसाहेबांच्या पुतळ्यासमोर फोटो असतो. तिथून पाच मिनिटांवर असलेली व्हिएतनाम स्मारकाची काळी भिंत, त्या युद्धात गेलेल्या अमेरिकन सैनिकांची नावं कोरलेली, मात्र पुढची बस गाठायच्या घाईत बघितलेली असते. त्या भिंतीची एक प्रतिकृती ट्रकमधून अमेरिकाभर फिरते. तिचं नाव 'द वॉल दॅट हील्स'. १९९६ पासून ती गावोगाव मुक्काम करते, आणि बहुतेक ठिकाणी गावात शिरताना तिच्या पुढेमागे मोटारसायकलींची रांग असते, तिलाच एस्कॉर्ट म्हणतात. यंदा मध्य इलिनॉयमधल्या एका छोट्या गावात ती आली. त्या रांगेत मी आणि महाराष्ट्र मंडळातला माझा एक मित्र, असे दोघे होतो.

कुणीही जाऊ शकतं, हे आधी सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त विचारलं गेलं ते हेच. फौजेत असण्याची अट नाही, नागरिकत्वाची नाही, हार्लेचीही नाही. गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी हवी, लायसन्सवर मोटारसायकलची परवानगी हवी (इलिनॉयमध्ये दीडशे सीसीच्या वरच्या गाडीला क्लास एम), आणि विम्याचा कागद जवळ हवा. दौऱ्याचं वेळापत्रक 'व्हिएतनाम व्हेटरन्स मेमोरियल फंड' ही संस्था आदल्या वर्षीच जाहीर करते. एस्कॉर्टची आखणी मात्र यजमान गाव करतं. त्यामुळे नाव नोंदवायचं ते स्थानिक मंडळींकडे. बहुतेक वेळा माजी सैनिकांच्या 'अमेरिकन लीजन' संघटनेची शाखा किंवा 'पेट्रियट गार्ड रायडर्स' हा मोटारसायकलवाल्यांचा गट हे काम अंगावर घेतात. आम्हाला त्यांच्याकडून उलट टपाली एक नकाशा आला, जमायची जागा आली आणि खाली एक ओळ: 'के. एस. यू. ११:००'. याचा अर्थ अकरा वाजता यायचं असा नव्हे. 'किकस्टँड्स अप', म्हणजे अकरा वाजता साइड स्टँड वर, इंजिन चालू आणि चाकं हललेली. दीड तास आधी पोचा. हिंदुस्थानी वेळ तिथे चालत नाही.

दिवस मंगळवारचा असतो, म्हणून रजा टाकावी लागते. ट्रक मंगळवारी येतो, बुधवारी भिंत उभी राहते आणि गुरुवारपासून रविवार दुपारपर्यंत ती बघायला खुली असते, तीही चोवीस तास आणि फुकट. शनिवार-रविवारी सवडीने जाऊ म्हणणाऱ्यांना भिंत दिसते, एस्कॉर्ट दिसत नाही.

जमायची जागा म्हणजे हायवेलगतच्या एका ट्रक स्टॉपमागचं मोकळं आवार. पेट्रोल तिथे पोचायच्या आधीच भरा. पोचल्यावर पंपाशी शंभर गाड्या उभ्या असतात आणि प्रत्येकाला तीन गॅलन हवं असतं. ऊन कडक असेल तर डांबर मऊ होतं आणि साइड स्टँड हळूहळू आत जातो, त्यामुळे स्टँडखाली ठेवायला एखादी चपटी फळी किंवा प्लास्टिकची चकती खिशात असू द्या. आमच्या शेजारची भलीमोठी टुरिंग गाडी तशी कलंडता कलंडता चौघांनी धरली.

माझी गाडी रॉयल एन्फिल्डची इंटरसेप्टर ६५०. सगळ्या हार्ले आणि गोल्डविंगच्या गर्दीत ती धाकट्या भावासारखी उभी होती, आणि त्यामुळेच गप्पा सुरू झाल्या. तीनचाकी मोटारसायकलवरून आलेले एक आजोबा जवळ आले. अंगात चामड्याचं जाकीट, त्यावर बिल्लेच बिल्ले, गुडघ्याला पट्टा. टाकीवरची नक्षी बोटाने चाचपत म्हणाले, "ही कुठली रे?" चेन्नईची म्हटल्यावर खूश झाले. मग सरळ विचारलं, "तू फौजेत होतास?"

"नाही."

"मग घरातलं कुणी?"

मी मूळचा साताऱ्याकडचा. आमच्या भागात फौजी नसलेलं घर शोधावं लागतं, आणि जवळच मिलिटरी अपशिंगे नावाचं गावच आहे, एवढं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मग मी त्यांना एक गोष्ट सांगितली जी त्यांना ठाऊक नव्हती: वॉशिंग्टनच्या मूळ भिंतीचा काळा ग्रॅनाइट बंगळुरूजवळच्या खाणीतला आहे. तो व्हरमाँटमधल्या बॅरी गावी कापून घडवला आणि नावं कोरली टेनेसीतल्या मेम्फिसला. आजोबा थोडा वेळ गप्प राहिले, मग मित्राला हाक मारून म्हणाले, "ऐकलंस का, दगड यांच्याकडचा आहे." त्यानंतर दिवसभर आमची ओळख 'दगडवाल्या गावची मंडळी' अशीच करून दिली जात होती.

निघण्याआधी सूचना होतात, त्या कान देऊन ऐका. रोड कॅप्टन नावाचा माणूस बोलतो, रांगेच्या शेवटी कोण असेल ते दाखवतो, पोलीस कुठली चौकं अडवणार ते सांगतो. राजकीय झेंडे गाडीवर नकोत, हे आम्हाला स्पष्ट बजावलं गेलं, आणि ते मला फार आवडलं. मग प्रार्थना, राष्ट्रगीत, आणि झेंड्याची शपथ. आपल्यातले बरेच जण नागरिक नसतात आणि अशा वेळी हाताचं काय करायचं या विचाराने चुळबुळतात. शपथ म्हणायची गरज नाही, छातीवर हात ठेवायचीही नाही. टोपी-हेल्मेट काढून सरळ, शांत उभं राहिलं की झालं. कुणी वळूनही बघत नाही.

आता प्रत्यक्ष चालवण्याबद्दल. आपल्याकडे पालखीत जसा दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो आणि मागची दिंडी पुढच्या दिंडीला ओलांडत नाही, अगदी तसंच इथे आहे. पुढे पोलीस, मग मोठे झेंडे लावलेल्या गाड्या, मग ट्रक, मग बाकीचे. ट्रकचा ट्रेलर त्रेपन्न फुटी, आणि त्याच्या बाजूंवर व्हिएतनाममध्ये गेलेल्या पोरांचे फोटो छापलेले. हो, पोरंच. विशीच्या आतबाहेरची. आम्ही ट्रकच्या बरेच मागे होतो, पण एका लांब वळणावर सगळी रांग मक्याच्या शेताला वळसा घालत होती तेव्हा ते चेहरे आडवे दिसले.

हायवेवर दोन ओळी तिरकस चालतात: पुढचा लेनच्या डावीकडे, त्याच्या मागचा उजवीकडे. तिरकस पुढच्यापासून एक सेकंद आणि सरळ पुढच्यापासून दोन सेकंद अंतर. गावात शिरल्यावर जोडीने चालायला सांगतात. पुढे जागा रिकामी झाली म्हणून आडवं घुसून भरू नका, आपल्याच ओळीत सरळ पुढे सरका. पोलीस अडवून धरतील तिथे लाल सिग्नलही पार करतात. पण रांग तुटली आणि चौकात पोलीस नसेल तर आपण साधे वाहनचालक, सिग्नल पाळायचा. इंजिन घुमवून आवाज काढायचा नाही. मला सगळ्यात जड गेला तो वेग. गावातल्या शेवटच्या चार-पाच मैलांत ताशी दहा मैलांच्या वर काटा जात नाही, क्लच धरून धरून डावा हात भरून येतो आणि हवेवर थंड होणारी इंजिनं मांड्या भाजून काढतात. कितीही उकडलं तरी जाड पँट घाला. इलिनॉयमध्ये हेल्मेटची सक्ती नाही आणि निम्म्याहून जास्त लोक उघड्या डोक्याने होते. त्यांचं बघून आपण काढायचं कारण नाही. पाणी टाकीवरच्या पिशवीत ठेवा, मागच्या डिकीत नको. मधे थांबणं नाही.

रस्त्याच्या कडेला लोक होते. ट्रॅक्टरवर उभा राहिलेला शेतकरी, शाळेची पोरं, पंपावरची कामगार मुलगी ॲप्रनसह. एका पुलाअलीकडे अग्निशमनच्या दोन गाड्यांनी शिड्या उंच करून मधे भलाथोरला झेंडा टांगला होता, त्याखालून सगळे गेलो. पुढे वृद्धाश्रमासमोर व्हीलचेअरची एक रांग. त्यातले एक आजोबा उठायचा प्रयत्न करत होते, नर्सने काखेत हात घालून उभं केलं, आणि शेवटची गाडी जाईपर्यंत त्यांचा हात कपाळावर होता असं मागच्या लोकांकडून कळलं. मी पाहिला तो फक्त हात वर जाताना. अशा वेळी हात हलवायचा मोह होतो. डावा हात हलवायचा म्हणजे क्लच सोडायचा, तेव्हा नुसती मान लववा.

या सगळ्याचं कारण समजून गेलात तर जास्त भिडेल. व्हिएतनाममध्ये बहुतेक सैनिक पलटणीनं नव्हे, एकेकटे जात. बहुतेकांची मुदत वर्षभराची, ती संपली की विमानात बसून एकटेच परत. देशात युद्धाविरुद्ध संताप, त्यामुळे स्वागत वगैरे सोडाच, गणवेश बदलून घरी गेलेलेही होते. म्हणून हे लोक आजही एकमेकांना भेटले की 'वेलकम होम' म्हणतात. तुम्हीही तेच म्हणा. युद्ध बरोबर होतं की चूक, यावर माझं ठाम मत आहे, पण ते मी त्या दिवशी घरी ठेवलं होतं. भिंतही त्याबद्दल काही बोलत नाही. वॉशिंग्टनची मूळ भिंत सरकारी पैशातून उभी राहिलेली नाही. जॅन स्क्रग्ज या माजी सैनिकाच्या पुढाकाराने १९७९ मध्ये संस्था निघाली, लोकांच्या देणग्या आल्या, १४२१ आराखड्यांमधून माया लिन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीचा निवडला गेला, त्यावर कडाक्याचं भांडण झालं, आणि १३ नोव्हेंबर १९८२ ला लोकार्पण. तो वाद ऐकून आज नवल वाटतं.

बहुतेक रायडर ट्रक मैदानात शिरला की हॉटडॉग खाऊन परत फिरतात. माझं म्हणणं, तसं करू नका. जमलं तर बुधवारीही थांबा, कारण भिंत स्वयंसेवक उभारतात आणि हात कमीच पडतात. नाव आधी नोंदवावं लागतं. हातमोजे न्या, बूट बंद न्या. प्रतिकृती मूळच्या तीन-चतुर्थांश आकाराची आहे: लांबी ३७५ फूट आणि मधे, सर्वात उंच जागी, साडेसात फूट. ती दगडाची नाही, कृत्रिम साहित्याची आहे, पण नावं खरोखर कोरलेली आहेत, बोटाला लागतात.

नाव शोधायचं तर थेट भिंतीकडे जाऊन उपयोग नाही. अठ्ठावन्न हजारांहून जास्त नावं आहेत आणि ती अकारविल्हे नाहीत, माणूस कधी गेला त्या क्रमाने आहेत. सुरुवात मधल्या कोनापाशी, १९५९ पासून. तिथून उजवीकडे टोकापर्यंत, मग डाव्या टोकापासून पुन्हा मधे, १९७५ पर्यंत. म्हणजे पहिला आणि शेवटचा शेजारी येतात. तंबूतल्या स्वयंसेवकाला नाव सांगितलं की तो फळीचा क्रमांक आणि ओळ कागदावर लिहून देतो. नावापुढे पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण असेल तर मृत्यू निश्चित, अधिक चिन्ह असेल तर बेपत्ता, आणि नंतर अवशेष ओळखले गेले तर त्या चिन्हावर चौकट चढते. आठ बायकांची नावं आहेत, सगळ्या परिचारिका. कागद नावावर धरून पेन्सिलीने घासायला मिळतं. माझ्या शेजारी एक बाई घासत होत्या, कागद सरकत होता, म्हणून मी दोन कोपरे दाबून धरले. नाव उमटलं तशी त्यांनी कागदाची घडी न घालता तो गुंडाळला आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सरकवला. ही युक्ती चांगली आहे, घडीवर शिसं पुसलं जातं.

शक्य झालं तर रात्री दहानंतर जा. दिवे असतात, गर्दी नसते. जे माजी सैनिक दिवसा फिरकत नाहीत ते तेव्हा येतात. त्यांचे फोटो काढू नका, आपणहून प्रश्न विचारू नका. बोलायचं असेल तर ते बोलतात, आणि बोलू लागले की घड्याळ बघू नका.

राहण्याचं म्हणाल तर गावातली दोन्ही मोटेलं महिनाभर आधी भरली होती. आम्हाला चाळीस मिनिटांवर खोली मिळाली. शाकाहारी माणसाचे खायचे हाल आहेत. सोबतच्या तिखटमिठाच्या पुऱ्या आम्हाला पुरल्या असत्या, पण तीनचाकीवाल्या आजोबांनी त्यातल्या निम्म्या संपवल्या. पावसाचा सूट कोरड्या हवेतही न्या. परतीच्या वाटेवर आय-५५ या हायवेला वादळ लागलं आणि पुलाखाली थांबलेल्यांना पोलिसांनी हटकून पुढे काढलं. तिथे थांबणं धोक्याचं असतं, पुढची एक्झिट गाठायची.

ज्यांच्याकडे गाडी नाही किंवा बायको-मुलं सोबत आहेत, त्यांनी मार्गावर उभं राहावं. मार्ग आदल्या आठवड्यात स्थानिक पेपरात येतो. घडीच्या खुर्च्या, पाणी आणि छोटा झेंडा न्या, आणि गावात शिरायच्या आधीची मोकळी जागा धरा, तिथे ट्रक हळू येतो आणि मुलांना चेहरे नीट दिसतात. स्वयंसेवक म्हणून नाव द्यायचं असेल तर रात्री बारा ते सकाळी सहाची पाळी मागा. ती कुणालाच नको असते, त्यामुळे हमखास मिळते.