चौदाव्या दिवशीचा आकडा

कोरोनाचे निर्बंध लागू होऊन चौदा दिवस झाले होते आणि त्या सकाळी आलेला आकडा आतापर्यंतचा सर्वांत मोठा होता. २०२० चा एप्रिल महिना. मी साथरोग सर्वेक्षण कक्षात काम करते. रोज सकाळी नव्या रुग्णांची यादी तपासायची आणि अकराच्या बैठकीत मांडायची, हे माझं काम. त्या दिवशी यादी कितीही खाली सरकवली तरी संपेना. शाळा बंद, कारखाने बंद, वाहतूक बंद, मग एवढे रुग्ण येताहेत कुठून?

साडेनऊला वरिष्ठांचा फोन आला. "डॉक्टर, लोकांच्या हातचं काम गेलंय. चौदा दिवस त्यांनी कळ काढली आणि आकडा वाढतोच आहे. उपयोग होत नसेल तर आज मला तसं स्पष्ट सांगा."

आवाजात राग नव्हता, थकवा होता. प्रश्न रास्त होता आणि "थोडं थांबा सर" एवढंच उत्तर पुरेसं नव्हतं.

आमची यादी रिपोर्टच्या तारखेप्रमाणे लावलेली असायची. पण आज ज्याचा रिपोर्ट आला त्याला संसर्ग आज झालेला नसतो. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण पाच दिवस जातात, काहींना चौदापर्यंतही लागतात. मग माणूस एक-दोन दिवस अंगावर काढतो, मग स्वॅब देतो. त्या आठवड्यात प्रयोगशाळेत नमुने तुंबले होते, त्यामुळे रिपोर्टला आणखी चार दिवस. म्हणजे सकाळच्या त्या आकड्यात बरेचसे लोक असे होते, ज्यांना संसर्ग झाला तेव्हा निर्बंध नुकतेच लागले होते किंवा लागायचेच होते. शिवाय आदल्या रात्री तुंबलेले नमुने एकदम तपासून झाले होते. आकडा फुगण्याचं तेही एक कारण.

मी आणि माझा सहकारी दोघांनी तीच यादी लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेप्रमाणे लावायला घेतली. सांगायला सोपं, पण निम्म्या फॉर्मवर तो रकाना कोराच. काही ठिकाणी स्वॅबचीच तारीख पुन्हा लिहिलेली. मग फोन करत बसलो. अकराची बैठक मी चारवर ढकलायला लावली.

दुपारी एका रुग्णाचा फोन लागला. पन्नाशीचे गृहस्थ, विलगीकरण कक्षात होते. तारीख विचारायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, चौदा दिवसांत मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही. मग मला कसं झालं?"

"घरात आधी कुणाला ताप येऊन गेला का?"

बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग, "थोरल्याला जरा कणकण होती. बंद व्हायच्या आदल्या दिवसापर्यंत तो कामावर जात होता. दोन दिवसांत बराही झाला." आणि लगेच, "म्हणजे पोरामुळे झालं?"

मी म्हणाले, "काका, त्याचा दोष नाही. ताप यायच्या आधीचे एक-दोन दिवससुद्धा हा आजार दुसऱ्याला लागतो. त्याला कळणार तरी कसं?" मुलाच्या तापाची नेमकी तारीख त्यांना आठवेना. "विचारून कळवतो," म्हणाले.

फोन ठेवला आणि तशी नजर ठेवून यादी पुन्हा पाहिली. एकेका पत्त्यावर तीन-तीन, चार-चार नावं. निर्बंधांनी घराघरांमधले दुवे तोडले होते, पण दाराआड आधीच शिरलेली साखळी आतल्या आत एकाकडून दुसऱ्याकडे अशा एक-दोन फेऱ्या चालणारच होती. दाटीची घरं असली की आणखी लांब. हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्या काकांच्या आवाजातून ते पहिल्यांदा नीट कळलं.

साडेतीनला आलेख तयार झाला. निर्बंधांच्या सहाव्या दिवसापर्यंत चढ, आणि सातव्या-आठव्या दिवसाचे खांब बुटके. त्यापुढचे आणखी बुटके होते, पण ते मी राखाडी केले, कारण त्या दिवसांत आजारी पडलेल्यांचे रिपोर्ट अजून यायचे होते. तो खोटा उतार दाखवून मला बैठक जिंकता आली असती. तसं करणं म्हणजे त्या माणसांची फसवणूक झाली असती, जी काम बुडवून घरात बसली होती.

"दोनच खांब?" वरिष्ठांनी विचारलं.

"दोनच, सर. पुरावा म्हणून कमी आहेत, पण लक्षणं दिसायला पाचेक दिवस जातात हे धरलं, तर वळण जिथं यायला हवं होतं तिथंच आलंय."

मग फळ्यावर साधं गणित मांडलं. एक रुग्ण सरासरी अडीच जणांना लागण करत असेल, तर १०० चे तीन फेऱ्यांत दीड हजारांहून जास्त होतात. तेच प्रमाण ०.८ वर आलं, तर तेवढ्याच फेऱ्यांत १०० चे ५१ होतात. चढताना आजार झेपा घेतो, उतरताना पायरी-पायरीनं उतरतो. आणि मधेच सोडलं तर काय होतं, हे १९१८ च्या इन्फ्लुएन्झात सेंट लुइस शहरानं पाहिलं होतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच शाळा, नाट्यगृहं, प्रार्थनास्थळं बंद केल्यानं तिथली साथ आटोक्यात राहिली. नोव्हेंबरमध्ये सैल सोडल्यावर रुग्ण पुन्हा वाढले आणि पुन्हा बंद करावं लागलं.

"एक आठवडा द्या," मी म्हणाले. "पण नुसतं दार लावून घ्यायला सांगू नका. ज्या घरात एकच खोली आहे, तिथल्या आजाऱ्याला राहायला दुसरी जागा द्या. आणि ज्यांचं पोट रोजच्या कामावर आहे, त्यांना घरी धान्य पोचवा, नाहीतर ताप असतानाही ते बाहेर पडतील." या दुसऱ्या मागणीवर मी जास्त वेळ बोलले. आजही वाटतं की ती आम्ही पहिल्याच दिवशी करायला हवी होती. आठवडा मिळाला. शाळांच्या रिकाम्या इमारती उघडायचंही ठरलं, धान्याचं मात्र 'पाहू' वर राहिलं.

रात्री नऊला त्याच काकांचा फोन. "मुलाला विचारलं. बंद झाल्यावर चौथ्या दिवशी ताप आला होता त्याला." मी तारीख लिहून घेतली. मुलाची तपासणी झालीच नव्हती, त्यामुळे तो आमच्या कुठल्याच यादीत नव्हता. नवी ओळ घालून त्याला संशयित म्हणून नोंदवलं.

"घरात अजून कोण कोण आहे, काका?"

"बायको, धाकटी, आणि माझी आई. ऐंशीच्या पुढची आहे. आम्ही सगळे एकाच खोलीत झोपतो."

"आजींना काही त्रास?"

"नाही. आज जेवली नाही नीट, एवढंच."

मी पत्ता पुन्हा एकदा वाचून दाखवला आणि फोन चालू ठेवूनच दुसऱ्या फोनवरून स्वॅबच्या गाडीचा नंबर लावला.