रोबोने डोळ्यांत पाहिलं तेव्हा मेंदूत काय झालं? – माझा अनुभव

प्रयोगासाठी नाव नोंदवलं ते आईमुळे. तिला विस्मरणाचा आजार आहे आणि तिच्या सोबतीला रोबो आणावा का, यावर आम्हा भावंडांत बरीच चर्चा चालली होती. सीलच्या पिलासारखा दिसणारा 'पारो' अशा रुग्णांसाठी कित्येक वर्षं वापरात आहे, अमेरिकेत २००९ साली त्याला वैद्यकीय उपकरणाचा दर्जाही मिळाला, एवढं वाचलं होतं. मला मात्र आधी वेगळंच जाणून घ्यायचं होतं. समोर यंत्र आहे हे पक्कं ठाऊक असलेल्या माणसाचा मेंदू त्या यंत्राशी कसा वागतो? एका प्रयोगशाळेला नेमके याच विषयासाठी स्वयंसेवक हवे होते.

सुरुवातीची कागदपत्रं लवकर आटोपली. फिट येण्याचा त्रास, चालू असलेली औषधं, डावखुरे आहात का, असे प्रश्न. आणि मधेच उठून जायचा हक्क सांगणारं संमतीपत्र. ते नीट वाचूनच सही करा. आपली माहिती कुठे आणि किती काळ ठेवणार, हे त्यातच लिहिलेलं असतं.

त्यानंतरच्या प्रश्नावलीने मला विचारात पाडलं. प्रत्येक पानावर रोबोचा फोटो आणि खाली दोन वाक्यं. एका फोटोत रोबो टेबलावरच्या चेंडूकडे पाहत होता. 'त्याला चेंडू हवा आहे' आणि 'त्याच्या कॅमेऱ्याने चेंडूचा रंग टिपला आहे' या दोन वाक्यांच्या मधल्या पट्टीवर आपली खूण करायची. बहुतेक ठिकाणी माझा कल यंत्राकडे होता, पण रोबो शेजारच्या माणसाकडे मान वळवून बघतोय अशा फोटोत हात आपोआप दुसऱ्या बाजूला गेला. हे काही नवं नाही. फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ साली लोकांना दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ हलताना दाखवलं, तेव्हाही जवळपास सगळ्यांनी पाठलागाची, भांडणाची गोष्ट सांगितली होती. त्या आकारांना तर डोळेसुद्धा नव्हते! दुसऱ्याच्या हालचालीमागे हेतू शोधायची माणसाला उपजतच सवय आहे.

मग मेंदूतले विद्युत संकेत टिपणारी ईईजीची टोपी चढली. जाळीदार, घट्ट, तिला जागोजागी इलेक्ट्रोड, म्हणजे ते संकेत पकडणाऱ्या छोट्या चकत्या. बोथट टोकाच्या सिरिंजने संशोधक एकेका छिद्रातून केस बाजूला करायची आणि थंडगार जेल सोडायची. पडद्यावर प्रत्येक इलेक्ट्रोडचा एक ठिपका होता; त्वचेशी संपर्क नीट जमला की तो लालाचा हिरवा व्हायचा. याला बराच वेळ लागतो, मान अवघडते. शेवटी ती म्हणाली, "आता डोळे मिचकवा." पडद्यावरच्या सगळ्या रेषा एकदम उसळल्या. दात आवळले तर नुसता गिचमिड काळा पट्टा. "मेंदूचे संकेत याच्यापुढे फार क्षीण असतात. म्हणून खेळताना शक्यतो हलू नका," तिने समजावलं. डोळे मिटल्यावर मागच्या बाजूच्या इलेक्ट्रोडवर सेकंदाला दहाएक वेळा डोलणारी लाट उठली. ती अल्फा लहर. स्वतःच्या डोक्यातली लहर डोळे उघडून बघावी म्हटलं तर उघडताच ती विरते. संशोधकाने नोंद मागे नेऊन दाखवली, तेव्हा मी भारावून गेले.

रोबो लहान मुलाएवढा होता, टेबलापलीकडे बसलेला. मान वळली की मोटारींचा बारीक आवाज यायचा. खेळ सोपा: पडद्यावर दोन गाड्या समोरासमोर येतात, एक माझी, एक त्याची. सरळ जायचं की बाजूला व्हायचं, हे बटण दाबून ठरवायचं. दोघेही सरळ गेले तर दोघांचंही मोठं नुकसान. प्रत्येक डावात निर्णयाआधी रोबो मान वर करायचा. कधी थेट माझ्या डोळ्यांत पाहायचा, कधी भलतीकडे. तो भलतीकडे बघत असला की माझं बोट सहज चालायचं. डोळ्यांत पाहिलं की बटणावर बोट ठेवूनही मी किंचित थांबायचे. त्या डोळ्यांमागे कॅमेरे आहेत हे माहीत असून थांबायचे, आणि ते टाळताही येत नव्हतं.

नंतर संशोधकाने खुलासा केला की रोबोची नजर आधीच ठरवून दिलेली होती, माझ्या खेळाशी तिचा संबंध नव्हता. अशाच धर्तीचा प्रयोग जिनोव्हाच्या इटालियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या अग्निएश्का विकोव्स्का यांच्या गटाने 'आयकब' या माणसासारख्या दिसणाऱ्या रोबोवर करून २०२१ साली प्रसिद्ध केला आहे. नजरानजर झाली की लोकांचे निर्णय मंदावले आणि अल्फा लहरींत फरक पडला. त्या नजरेकडे दुर्लक्ष करायलाही मेंदूला कष्ट पडतात, असा त्यांनी अर्थ लावला. म्हणजे माझं थांबणं एकटीचं नव्हतं.

संशोधकाने आणखी एक अभ्यास सांगितला, तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. २००८ साली एफएमआरआय यंत्रात (मेंदूचा कोणता भाग सक्रिय आहे हे दाखवणारं यंत्र) झोपलेल्या लोकांना संगणक, साधा रोबो, माणसासारखा रोबो आणि माणूस अशा प्रतिस्पर्ध्यांशी खेळवलं. प्रत्यक्षात चौघांचेही डाव सारख्याच रीतीने, काही न ठरवता टाकलेले होते. तरी प्रतिस्पर्धी जितका माणसासारखा, तितका दुसऱ्याच्या मनाचा अंदाज घेणारा मेंदूचा भाग अधिक सक्रिय झाला. वागणूक तीच, पण समोर कोण आहे या समजुतीवर मेंदूचं काम बदललं. रोबो बनवणाऱ्यांवर केवढी जबाबदारी आहे, हे मला तिथे कळलं. चेहरा आणि डोळे देणं ही नुसती सजावट नाही.

आईबद्दल मी तिला विचारलं. तिने सल्ला दिला नाही, पण २०१८ सालचा 'नाओ' या छोट्या, माणसाच्या आकाराच्या बोलक्या रोबोचा प्रयोग सांगितला. बंद करताना रोबो "नको, बंद करू नका" म्हणाला, तेव्हा ४३ पैकी १३ जणांनी त्याला बंदच केलं नाही. ती सगळी धडधाकट माणसं होती. घरी आल्यावर मी भावंडांना सांगितलं की रोबो आणायचा असेल तर बोलणारा नको, आणि चार्जिंगला लावायचा तो आईच्या नजरेआड. दोघांनाही ते पटलं.

कुणी अशा प्रयोगाला जाणार असेल तर केस धुऊन, तेल न लावता जा. तेलाने इलेक्ट्रोडचा संपर्क बिघडतो. जेल धुवायला टॉवेल सोबत ठेवा. एफएमआरआय असेल तर अंगात धातूचं काही बसवलेलं आहे का, हे आधीच सांगा. आणि प्रयोग संपल्यावर लगेच निघू नका. खेळ सुरू असताना संशोधक काही सांगू शकत नाहीत, नंतर मात्र विचाराल तेवढं मनापासून सांगतात.