गाडी मागून बघावी

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडतो. आतलं त्याला काही कळत असो वा नसो. इंजिनाकडे घटकाभर गंभीर चेहऱ्याने बघायचं, एखादी वायर हलवून पाहायची, 'हं' म्हणायचं आणि बॉनेट आपटायचं. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीला 'स्वयंपाकाची आवड आहे का' विचारतात, तितकाच हा विधी ठरलेला आणि तितकाच निरुपयोगी. विकणाऱ्यालाही ते पक्कं ठाऊक असतं. म्हणून इंजिन आदल्या दिवशी धुऊन, पुसून, वर पॉलिशचा हात मारून ठेवलेलं असतं. मागे मात्र कुणी फिरकत नाही. मागे लबाडी करायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

म्हणून माझं मत असं झालंय की गाडी मागून बघावी. आणि ती इस्टेट असेल तर नक्कीच.

इस्टेट किंवा स्टेशन वॅगन म्हणजे सेडानचं छप्पर पार मागच्या बंपरपर्यंत नेलेलं आणि डिक्कीच्या जागी वर उचलायचं काचेचं मोठं दार. आपल्याकडे हा प्रकार कधी चाललाच नाही. प्रयत्न भरपूर झाले. टाटांनी १९९२ मध्ये चक्क 'इस्टेट' याच नावाची गाडी आणली. पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा आली, फियाटची सिएना वीकएंड आली, ओपेलची कोर्सा स्विंग आली, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी आली आणि २००४ मध्ये टाटांचीच इंडिगो मरीना. सगळ्या आल्या तशा गेल्या. कुणी म्हणायचं, ही तर अॅम्ब्युलन्स दिसते. कुणी त्याहून पुढची, हार घातलेली गाडी सुचवायचं. माझा अंदाज वेगळा आहे. आपल्याला सामान न्यायला आवडतं, पण ते दिसलेलं आवडत नाही. सेडानच्या डिक्कीत फणस असो की शेणाच्या गोवऱ्या, झाकण लावलं की आपण ऑफिसर. वॅगनच्या मागच्या काचेतून सोसायटीच्या वॉचमनलाही कळतं की यांनी गावाहून काय काय लुटून आणलंय.

उरलंसुरलं सरकारने केलं. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड आणि छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं. मग काय, लांबी हाच गुन्हा झाला. ज्या इंडिगोला टाटांनी हौसेने मागे खोली बांधून दिली होती, त्याच इंडिगोची शेपटी २००८ मध्ये कापून इंडिगो सीएस काढली, चार मीटरच्या आत बसवायला. बाकीच्यांनीही मग कात्र्या बाहेर काढल्या. वॅगन ही मुळातच लांब असणारी वस्तू. तिला या हिशेबात जागा उरली नाही.

तर अशी, कुणालाच नको असलेली गाडी आम्हाला हवी होती.

कारण साधं आहे. आम्ही राहतो कोलशेतला, घर आहे लांज्याजवळ. ठाण्यातल्या कुठल्याही कोकणी कुटुंबाप्रमाणे आमची गाडी वर्षातून थोडे दिवस माणसांची आणि बाकीचे दिवस सामानाची असते. जाताना किराणा, औषधं, गणपतीची मखरं. येताना तांदूळ, नारळ, कोकम, आगळाचे कॅन, आणि सासूबाईंच्या भाषेत 'थोडंसंच काहीतरी', म्हणजे सुपारीच्या रोपापासून गंजलेल्या घमेल्यापर्यंत काहीही. नवऱ्याचा ओढा सात सीटच्या गाडीकडे होता. मी त्याला शोरूममध्ये तिसरी रांग उभी करून दाखवायला सांगितली. सात माणसं बसली की मागे एक सुटकेस जेमतेम उभी राहते. उरलेल्या सहा जणांनी आपापल्या पिशव्या मांडीवर घेऊन कशेडी घाट ओलांडायचा. वॅगनचं गणित उलटं आहे. माणसं पाचच, पण त्यांचं सगळं सामान त्यांच्यासोबत. आमच्या घरात माणसं पाच आहेत आणि सामान अमर्याद.

गाडी शोधण्याचा काळ मी थोडक्यात उरकते, कारण तो सगळ्यांचा सारखाच असतो. घोडबंदर रोडला एजंटांच्या दुकानांत उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीचा मालक एकतर डॉक्टर असतो किंवा परदेशी गेलेला. मला बाई बघून एकाने 'लेडीज ड्रिव्हन आहे मॅडम, अजिबात रगडलेली नाही' असं सांगितलं. त्या गाडीच्या ड्रायव्हर सीटच्या बाजूला गुटख्याच्या पिचकारीचा ओघळ होता. बाई पराक्रमी असणार. वॅगन मागितली की हे लोक आधी वॅगनआरकडे नेतात, मग हसतात, मग म्हणतात, 'ती विकायला जाल तेव्हा रडाल.' आम्हाला विकायचीच नव्हती, पण हे वाक्य त्यांच्या पुस्तकात नव्हतं.

शेवटी वाशीला मरीना सापडली. एम.एच. ४३, डिझेल, २००८ ची. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती २०२३ मध्ये संपल्यावर फिटनेस करून, हरित कर भरून काकांनी ती २०२८ पर्यंत वाढवून घेतली होती. काका म्हणजे मालक. बँकेतून निवृत्त, पांढरा हाफ शर्ट, खिशाला पेन. सगळे कागद प्लास्टिकच्या फाइलमध्ये तारखेनुसार लावलेले. अशा माणसाकडून काहीही घ्यावं असं वाटतं आणि तिथेच धोका असतो. म्हणून मी ठाण्याच्या वागळे इस्टेट भागातले आमचे मेकॅनिक भाऊ सोबत नेले होते.

काकांनी सवयीने बॉनेट उघडलं. भाऊंनी इंजिन चालू करून ऑइलचं झाकण काढलं, आतून धूर फुसफुसत वर येतोय का ते पाहिलं, 'बॅक कॉम्प्रेशन नाही', म्हणजे इंजिन झिजलेलं नाही, एवढंच म्हणाले आणि सरळ मागे गेले.

मागे ते बराच वेळ होते. आधी दार उचललं. ते वर थांबलं आणि मग जांभई दिल्यासारखं हळूहळू खाली यायला लागलं. दार तोलून धरणारे गॅसचे दांडे संपले होते. काकांनी लगबगीने सीटखालून केरसुणीचा दांडा काढून टेकू दिला. दांड्याच्या टोकाला रबर बसवलेलं होतं, म्हणजे ही व्यवस्था जुनी आणि विचारपूर्वक केलेली होती. मग भाऊंनी मागचा वायपर चालवून पाहिला. बंद. वॅगनला मागे वायपर लागतोच. चौकोनी पाठीमागे हवेचा भोवरा होतो आणि तो रस्त्यावरची धूळ, चिखल उचलून काचेवर आणून थापतो. सेडानची मागची काच उतरती असते, तिथे एवढा राडा होत नाही. वायपरची वायर बिजागरीपाशी रबरी नळीतून जाते आणि दार उघडून-मिटून नेमकी तिथेच तुटते. भाऊंनी नळी सरकवली. वायर तुटलेलीच होती. 'पन्नास रुपयांचं काम,' ते म्हणाले. काकांनी सुस्कारा सोडला.

मग भाऊंनी तळाचं कार्पेट उचलून स्टेपनीचा खड्डा उघडला. पाण्यात बुडालेली गाडी ओळखायची तर ती तिथे. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं, तेव्हापासून भाऊ कुठलीही गाडी असो, आधी तिथे बोट फिरवतात. सीट धुता येतात, कार्पेट बदलता येतं, पण त्या खड्ड्याच्या घडीत बसलेला मऊ गाळ कुणी काढत नाही. बोटाला गाळ लागला नाही. लागलं ते पिवळट, सुकलेलं गवत. दोन काड्या आणि कार्पेटच्या उलट्या बाजूला चिकटलेलं एक वाळलेलं, काळं पडलेलं देठ.

भाऊ उठले, गाडीपासून चार पावलं लांब गेले आणि ती बाजूने बघितली. मग पुढच्या चाकावर, टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत हात घातला: चार बोटं गेली. मागच्या चाकावर दोनच. गाडी मागून बसली होती.

'काका,' ते म्हणाले, 'ही आंब्याची गाडी आहे.'

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. जाहिरातीत 'ओन्ली फॅमिली युज' लिहिलं होतं. 'तो घरचाच आंबा हो,' ते म्हणाले. 'देवगडला थोडी कलमं आहेत आमची. मे महिन्यात सोसायटीपुरत्या पेट्या आणायचो.' वरून काकू बाल्कनीतून म्हणाल्या, 'सोसायटीपुरत्या? अहो, सेक्टरपुरत्या म्हणा!' एवढं बोलून त्या चहा ठेवायला आत गेल्या. व्यवहाराच्या वेळी बायकोला वर ठेवणं ही काकांची एकमेव चूक.

मला खरं सांगायचं तर गाडी त्या क्षणी जास्तच आवडली. ज्या कामासाठी ती बनवली होती, तेच काम तिने केलं होतं.

चालवून बघायला काका आम्हाला पाम बीच रोडला नेत होते. तिथे कुठलीही गाडी नवीच वाटते. भाऊंनी हात दाखवून गाडी एपीएमसी मार्केटच्या मागच्या, ट्रकांनी उखडलेल्या रस्त्याला घ्यायला लावली. दुसऱ्या खड्ड्याला मागून टकटक सुरू झाली. वॅगनचा हा एक अवगुण: सेडानमध्ये मागच्या सीटच्या पाठीमागे डिक्की बंद असते, आवाज तिथेच मरतो. इथे छपराखाली सगळी एकच खोली. मागच्या चाकापाशी काही वाजलं की ते आपल्या कानात वाजतं. 'तो जॅक असेल,' काका म्हणाले. भाऊंनी गाडी थांबवून जॅक काढला, मांडीवर घेतला आणि पुन्हा चला म्हणाले. टकटक तशीच. जॅक कुशीत घेऊन बसलेले भाऊ काकांकडे न बघता म्हणाले, 'मागचे शॉकअप गेले. आणि स्प्रिंगा.'

मरीनाबद्दल आणखी एक गोष्ट भाऊंनीच सांगितली, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढच्या अर्ध्या गाडीची काळजी नको. इंडिका-इंडिगोने टॅक्सी म्हणून एवढी वर्षं काढली की त्यांचे पार्ट अजून मिळतात. पण मागचं दार, मागची काच, मागचे दिवे फक्त मरीनाचे. एक दिवा फुटला की कुर्ल्याच्या सीएसटी रोडला भंगारवाल्यांकडे फिरायचं आणि नशिबावर सोडायचं. म्हणजे जो भाग कुणी बघत नाही तोच न मिळणारा. आमच्या गाडीचे दोन्ही दिवे शाबूत होते. काकांनी आंब्याच्या पेट्या जपून चढवल्या असाव्यात. बंपरच्या काठाला ओरखडे होते, दिव्यांना एकही नाही.

भाव ठरवणं पुरुषांनी करायचं असतं अशी समजूत आहे. नवरा 'काका, तुम्हीच सांगा' म्हणून मोकळा झाला. काकांनी एक लाख म्हटलं. मी स्प्रिंगांचे, शॉकअपचे, दांड्यांचे आणि वायपरचे पैसे भाऊंना मोठ्याने सांगायला लावले. काका पंच्याण्णव म्हणाले. मी चार बोटं आणि दोन बोटं दाखवली. काकू चहा घेऊन खाली आल्या होत्या, त्या म्हणाल्या, 'अहो, द्या आता, कोकणातलीच मुलगी आहे.' ८० हजारांत तुटली. केरसुणीचा दांडा काकांनी काढून घेतला, म्हणाले घरची केरसुणी बिनदांड्याची पडलीय.

कागदांचं मला कौतुक वाटलं. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, जुन्या कर्जाचा बोजा आर.सी.वरून केव्हाच उतरवलेला, पीयूसी चालू, नवी नंबरप्लेट लावलेली, चलन मात्र एक निघालं: ऐरोली पुलाच्या अलीकडे वेगाचं, मे महिन्यातलं. काकांनी ते तिथल्या तिथे मोबाइलवरून भरलं. कुणी काही विचारलं नाही. विमाही आमच्या नावावर करायचा असतो. पण नो क्लेम बोनस जुन्या मालकाचाच राहतो, गाडीबरोबर येत नाही. नवऱ्याने तो फुकट मिळेल असं धरून घरात सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

भाऊंनी मागे नव्या स्प्रिंगा आणि शॉकअप घातले, दांडे बदलले. गाडी घ्यायला गेलो तेव्हा सासूबाई हट्टाने सोबत आल्या. त्यांनी बॉनेटकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थेट मागे गेल्या, दार वर करायला लावलं, मागची सीट पाडायला लावली, बंपरच्या काठावर तळहात ठेवला आणि तो तसाच आत सरकवत नेला. वाटेत उंबरा लागला नाही.

'पाटा सरकत येईल,' त्या म्हणाल्या.

लांज्याच्या घरचा पाटा-वरवंटा ठाण्याला आणायचा विषय आमच्या लग्नाच्याही आधीचा आहे. आधीच्या गाडीच्या डिक्कीचा काठ उंच होता, तेवढा दगड उचलून आत टाकायला कुणी तयार होईना, म्हणून तो राहिला होता. मी काही बोलायच्या आत भाऊच पुढे झाले.

'आजी, स्प्रिंगा नव्या आहेत. मागे जास्त वजन नका घालू. पाटा आणा, पण एकदाच.'

'पाटा एकदाच आणायचा असतो हो,' सासूबाई म्हणाल्या. 'जातं पुढच्या खेपेला.'